आयर्लंडचा अर्ज

१५ नोव्हेंबर २०१७ रोजी लंडन येथे ‘वर्ल्ड रग्बी’ या जागतिक क्रीडासंस्थेच्या परिषदेने गुप्त मतदान घेऊन, २०२३ साली भरावयाच्या रग्बी विश्वचषक स्पर्धेचे यजमानपद फ्रान्स, दक्षिण आफ्रिका आणि आयर्लंड या तीन अर्जदारांपैकी कोणाकडे सोपवावे याचा निर्णय केला, तेव्हा एकंदर ३९ मतांपैकी केवळ ८ मते आयर्लंडच्या पदरात पडली आणि पहिल्याच फेरीत त्याचा अर्ज निकालात निघाला. ज्या बेटावरील दोन निरनिराळ्या राज्यव्यवस्थांनी या अर्जासाठी एक मसलत केली होती, ज्याच्या सर्वांत मोठ्या स्वदेशी क्रीडासंस्थेने सव्वाशे वर्षांचा बाणा बाजूस ठेवून आपली मैदाने देऊ केली होती, आणि ज्याचा पंतप्रधान जातीने लंडनला जाऊन आपल्या देशाची कैफियत मांडून आला होता, त्या आयर्लंडला स्कॉटलंड आणि वेल्स या सख्ख्या शेजाऱ्यांनीही मत दिले नाही. वरवर पाहता ही क्रीडाक्षेत्रातील एक किरकोळ हार आहे. तथापि एखादे लहान राष्ट्र जेव्हा मोठ्या जागतिक उत्सवाचे यजमानपद मागावयास जाते, तेव्हा ते आपल्याबरोबर काय घेऊन जाते आणि त्यातले काय तराजूत घातले जाते, हे समजून घेण्यास या प्रकरणाइतके बोधप्रद उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

आपल्याकडे हा खेळ फारसा रुजलेला नाही. मुंबईत त्याचे जे काही कौतुक झाले ते बहुतांशी बॉम्बे जिमखान्याच्या हिरवळीवर आणि तिच्या आसपासच. म्हणून प्रथम त्याचे स्वरूप थोडक्यात सांगणे अप्रस्तुत होणार नाही. प्रत्येकी १५ खेळाडूंचे दोन संघ, एक अंडाकृती चेंडू, आणि तो हातात घेऊन धावण्याची पूर्ण मुभा. मात्र हाताने चेंडू द्यावयाचा तो मागे किंवा आडवा, पुढे कधीही नाही. पुढे न्यावयाचा तर तो लाथेने किंवा स्वतःच्या पायांनी, म्हणजे अंगावर येणाऱ्या प्रतिपक्षाच्या धडका सोसत. प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीस टेकविला की ‘ट्राय’ होते आणि तिचे ५ गुण मिळतात. या खेळाची विश्वचषक स्पर्धा १९८७ साली न्यूझीलंड व ऑस्ट्रेलिया यांच्या भूमीवर प्रथम झाली. तेव्हापासून ती दर चार वर्षांनी भरते, आणि आपण ज्या स्पर्धेविषयी बोलत आहोत तीत २० संघांचे ४८ सामने दीड महिन्याहून अधिक काळ चालावयाचे होते. १९९१ व १९९९ साली मुख्य यजमान अनुक्रमे इंग्लंड आणि वेल्स हे असताना काही सामने आयर्लंडला वाटून मिळाले होते. १९९१ च्या उपांत्यपूर्व सामन्यात डब्लिनच्या लॅन्सडाउन रोड मैदानावर आयर्लंडने ऑस्ट्रेलियाला जवळजवळ हरविलेच होते आणि अखेर १९–१८ अशा एका गुणाने ते हरले, ही आठवण तिकडची वडीलधारी माणसे अजून हळहळून सांगतात. परंतु संपूर्ण स्पर्धा आपल्या दारी आणण्याचा मान या राष्ट्राला कधीच मिळाला नव्हता.

तो मान कसा मिळतो, याची रीत मोठी विलक्षण आहे. जुन्या राजवटीत एखाद्या परगण्याची वसुली मक्त्याने दिली जात असे. मक्तेदाराने ठरलेली रक्कम सरकारात आगाऊ भरण्याची हमी द्यावयाची आणि मग वसुलीतून जे हाती येईल त्यावर आपले भाग्य पाहावयाचे. विश्वचषकाचे यजमानपद हा जवळपास असाच मक्ता आहे. दूरचित्रवाणीचे हक्क, मोठमोठ्या कंपन्यांच्या जाहिराती आणि प्रायोजकत्व यांपासून येणारे उत्पन्न वर्ल्ड रग्बी आपल्याकडे ठेवते. यजमान संघटनेच्या वाट्यास मुख्यतः तिकिटविक्री येते, आणि तिच्या जोरावर स्पर्धेचा सर्व खर्च भागवून शिवाय एक मोठी ठरीव रक्कम ‘स्पर्धाशुल्क’ म्हणून जागतिक संस्थेच्या तिजोरीत भरावी लागते. २०२३ च्या स्पर्धेसाठी हे शुल्क किमान १२ कोटी पौंड ठरविण्यात आले होते. आयर्लंडने १२ कोटींची हमी दिली, फ्रान्सने १५ कोटींची आणि दक्षिण आफ्रिकेने १६ कोटींची. एवढ्या रकमेला कोणतीही क्रीडासंघटना एकटी जामीन राहू शकत नाही, म्हणून तिच्या पाठीशी सरकारची हमी लागते. आयर्लंडच्या संसदेने तर त्यासाठी २०१७ साली एक स्वतंत्र कायदाच संमत केला. यावरून ध्यानात येईल की अशा स्पर्धेचा अर्ज हा खेळाडूंचा अर्ज नसून राज्याचा अर्ज असतो, आणि त्याची छाननी खजिनदाराच्या नजरेने होते.

लहान राष्ट्राने अशा मक्त्यात उतरूच नये काय? उतरून जिंकल्याचे एक उदाहरण आहे, आणि योगायोगाने त्याचा निकाल डब्लिनमध्येच लागला होता. १७ नोव्हेंबर २००५ रोजी तेथे भरलेल्या बैठकीत न्यूझीलंडने दक्षिण आफ्रिका आणि जपान यांना मागे टाकून २०११ च्या स्पर्धेचे यजमानपद मिळविले. त्या वेळी न्यूझीलंडची लोकसंख्या जेमतेम ४० लाख होती, आणि आमचे चाळीस लाख लोक म्हणजेच एक प्रेक्षागार, अशी त्याच्या अर्जाची मध्यवर्ती कल्पना होती; पंतप्रधान हेलन क्लार्क स्वतः डब्लिनला उपस्थित होत्या. स्पर्धेत तोटा येणार हे तेथील सरकारने आधीच गृहीत धरले होते आणि त्यातला दोन तृतीयांश भाग आपण सोसू, उरलेला रग्बी संघटनेने सोसावा, असा करार करून ठेवला होता. पुढे फेब्रुवारी २०११ मध्ये क्राइस्टचर्च शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले, १८५ माणसे मृत्युमुखी पडली, तेथील सामने ऐन वेळी अन्यत्र हलवावे लागले; तरीही स्पर्धा यथासांग पार पडली, आणि अंतिम सामन्यात यजमानांनी फ्रान्सला ८–७ असे हरविले. तोटा सुमारे ३ कोटी न्यूझीलंड डॉलरचा आला, म्हणजे अपेक्षेहून थोडा कमीच. आणि राष्ट्राने तो फारशी कुरकुर न करता सोसला. मात्र न्यूझीलंड हे लोकसंख्येने लहान असले तरी रग्बीच्या दरबारात पहिल्या मानाचे सरदार आहे, ही गोष्ट विसरून चालणार नाही. आयर्लंडची तशी प्रतिष्ठा नव्हती. विश्वचषकात त्याचा संघ उपांत्यपूर्व फेरीच्या पलीकडे कधीही गेलेला नाही. त्याला आपल्या अर्जाचा आधार अन्यत्र शोधणे भाग होते.

तो आधार आयर्लंडच्या इतिहासातच होता. १९२१ साली या बेटाची फाळणी झाली. सहा परगण्यांचा उत्तर आयर्लंड ब्रिटनच्या राज्यात राहिला आणि उरलेल्या भागाचे स्वतंत्र राष्ट्र झाले. परंतु १८७९ साली स्थापन झालेल्या आयरिश रग्बी महासंघाने ही फाळणी मानली नाही. अल्स्टर, मन्स्टर, लिन्स्टर आणि कॉनॉट या चार जुन्या प्रांतांतून निवडलेला एकच संघ, एकच हिरवा पोशाख, ही व्यवस्था सीमेवर चौक्या बसल्या तरी चालू राहिली, आणि उत्तरेत बंदुका चालू असलेल्या तीस वर्षांतही मोडली नाही. बेलफास्टचा प्रॉटेस्टंट आणि लिमरिकचा कॅथलिक एकमेकांच्या खांद्यास खांदा लावून ज्या थोड्या ठिकाणी उभे राहिले, त्यांत हा संघ प्रमुख होता. राष्ट्रगीत कोणते म्हणावे हा प्रश्न उभा राहिला तेव्हा १९९५ च्या विश्वचषकासाठी ‘आयर्लंड्स कॉल’ हे नवे गीतच मुद्दाम रचून घेण्यात आले, म्हणजे कोणाच्याही निष्ठेला धक्का लागावयास नको. २०१६ च्या जूनमध्ये ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला आणि त्या सीमेचे काय होणार या चिंतेने सारे बेट व्यापले, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात या दोन्ही बाजूंनी मिळून विश्वचषकाचा अर्ज जाहीर केला. त्याचा राजकीय अर्थ कोणाच्याही नजरेतून सुटण्यासारखा नव्हता.

परंतु याहून अवघड गाठ मैदानांची होती. रग्बीच्या मालकीची मोठी मैदाने आयर्लंडमध्ये मोजकी. डब्लिनचे ५० हजारांचे नवे अविवा स्टेडियम, लिमरिकचे थॉमंड पार्क, बेलफास्ट व डब्लिनमधील आणखी एखाददुसरे, एवढ्यावर विश्वचषक भरविता येत नाही. मैदाने होती ती गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशनच्या ताब्यात, आणि या संस्थेचा जन्मच विदेशी खेळांना विरोध म्हणून झालेला. १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपरेरी परगण्यातील थर्ल्स येथील एका हॉटेलात मायकेल क्यूसॅक नावाच्या शिक्षकाने काही सहकाऱ्यांसह तिची स्थापना केली. क्यूसॅक हा स्वतः तरुणपणी रग्बी खेळलेला, परंतु इंग्रजांचे खेळ म्हणजे इंग्रजांच्या सत्तेचेच अंग होय अशी त्याची धारणा झाली. आणि आर्चबिशप क्रोक, चार्ल्स स्ट्यूअर्ट पार्नेल व मायकेल डेव्हिट यांच्यासारखे थोर पुरुष तिचे आश्रयदाते झाले. ज्या आयरिश होमरूल चळवळीचे नाव लोकमान्य टिळकांनी १९१६ साली आपल्या स्वराज्य संघास दिले, तिच्याच काळात आणि तिच्याच वातावरणात हे क्रीडास्वदेशीचे रोपटे वाढले. हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल हे तिचे खेळ. खेळाडू आजतागायत बिनपगारी. आणि तिचा मूळ घटक म्हणजे गावचा पॅरिश, ज्यातील लोकांनी वर्गणी काढून, श्रमदान करून परगण्यापरगण्यांत तिची मैदाने उभारली. संस्थेचा नियम असा कडक होता की विदेशी खेळ खेळणाराच काय, तो पाहणाराही सभासद राहू शकत नसे. १९३८ साली आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड हे पदाच्या शिष्टाचारास अनुसरून एका सॉकरच्या, म्हणजे विदेशी फुटबॉलच्या, सामन्यास हजर राहिले, तेव्हा त्यांचे आश्रयदातेपद काढून घेण्यासही तिने मागेपुढे पाहिले नाही. ही बंदी १९७१ साली उठली. तथापि संस्थेच्या मैदानांवर विदेशी खेळांस मज्जाव करणारा नियम कायमच राहिला.

त्या मज्जावामागे केवळ हट्ट नव्हता. डब्लिनचे क्रोक पार्क हे या संस्थेचे मुख्य स्थान. स्वातंत्र्ययुद्धाच्या धुमाळीत, २१ नोव्हेंबर १९२० या रविवारी, तेथे गेलिक फुटबॉलचा सामना चालू असताना सरकारी दलांनी मैदानात शिरून प्रेक्षकांवर गोळीबार केला आणि १४ जणांचे प्राण घेतले. त्यांत टिपरेरीच्या संघातील मायकेल होगन हा खेळाडूही होता, आणि त्याचे नाव प्रेक्षागाराच्या एका भव्य बाजूस आजही आहे. ज्या भूमीवर असे रक्त सांडले तेथे इंग्रजांचा खेळ खेळू द्यावा काय, हा प्रश्न आयरिश मनाला केवळ क्रीडाविषयक वाटणे शक्य नव्हते. लॅन्सडाउन रोड पाडून नवे बांधण्याचे ठरले आणि रग्बीला काही वर्षे घर उरणार नाही असे दिसले, तेव्हा २००५ साली संस्थेच्या वार्षिक अधिवेशनात २२७ विरुद्ध ९७ मतांनी क्रोक पार्कचे दार तात्पुरते उघडण्याचा ठराव झाला. आणि २४ फेब्रुवारी २००७ रोजी तेथे इंग्लंडचा संघ उतरला. सामन्यापूर्वी ब्रिटिश राजगीत वाजले तेव्हा काही गडबड होईल अशी धास्ती अनेकांना होती. ८२ हजार प्रेक्षकांनी ते शांतपणे आणि अदबीने ऐकून घेतले, व त्यानंतर आपल्या संघाने इंग्लंडला ४३–१३ असे लोळविलेले पाहिले. शिष्टाचार आणि सूड यांचा असा सुखद संगम इतिहासात फार थोड्यांच्या वाट्यास येतो.

२०१३ सालच्या अधिवेशनाने यापुढचे पाऊल टाकले: विश्वचषक मिळाल्यास संस्थेची मैदाने रग्बीला द्यावीत असा ठराव झाला, आणि येथूनच आयर्लंडच्या अर्जाला खरे बळ आले. क्रोक पार्कबरोबर कॉर्कचे नव्याने बांधलेले पार्क ई क्वीव, गॉलवेचे पिअर्स स्टेडियम, मेयो परगण्यातील कॅसलबारचे मॅकहेल पार्क, डोंगरांच्या कुशीतील किलार्नीचे फिट्झजेराल्ड स्टेडियम, किल्केनीचे नोलन पार्क, सीमेपलीकडील डेरीचे सेल्टिक पार्क अशी नावे यादीत आली. पॅरिशच्या वर्गणीतून उभी राहिलेली ही मैदाने जगाच्या उत्सवासाठी खुली करण्यात, पैशात न मोजता येणारे असे काही आपण देत आहोत, असे आयरिश लोकांना मनापासून वाटत होते.

अर्ज समितीच्या अध्यक्षपदी डिक स्प्रिंग यांची योजना झाली. ते एकेकाळचे उपपंतप्रधान, आणि तरुणपणी आयर्लंडकडून रग्बी खेळलेले. प्रख्यात कप्तान ब्रायन ओ’ड्रिस्कॉल यांनी दूत म्हणून देशोदेशी हिंडण्याचे काम पत्करले. २५ सप्टेंबर २०१७ रोजी लंडनमध्ये तिन्ही अर्जदारांनी परिषदेपुढे आपली बाजू मांडली, तेव्हा आयर्लंडतर्फे बोलणाऱ्यांत नुकतेच पंतप्रधान झालेले लिओ वराडकर होते. मालवण तालुक्यातील वराड हे ज्यांचे मूळ गाव अशा एका डॉक्टरांचा हा मुलगा डब्लिनमध्ये जन्मला, वाढला आणि आयर्लंडच्या सर्वोच्च पदी पोहोचला. त्यामुळे या कैफियतीशी एका कोकणी आडनावाचा संबंध आला, ही मराठी वाचकाला कुतूहलाची वाटावी अशी गोष्ट. उत्तर आयर्लंडचे मंत्रिमंडळ त्या वर्षाच्या जानेवारीतच कोसळले होते, म्हणून तिकडून सनदी सेवेचे प्रमुख उपस्थित राहिले. यांच्या युक्तिवादाचा गाभा असा होता: जगभर पसरलेल्या आयरिश वंशाच्या लोकांची संख्या सुमारे ७ कोटी सांगितली जाते आणि त्यांतील फार मोठा भाग अमेरिकेत आहे, नोव्हेंबर २०१६ मध्ये शिकागो येथे आयर्लंडने न्यूझीलंडला ४०–२९ असे इतिहासात प्रथमच हरविले त्या दिवशी प्रेक्षागार भरून गेले होते, म्हणून आयर्लंडला स्पर्धा देणे म्हणजे अमेरिकेची प्रचंड बाजारपेठ रग्बीसाठी उघडणे होय. शिवाय बेट एवढे आटोपशीर की एका मैदानावरून दुसऱ्यावर काही तासांत जाता येते.

वर्ल्ड रग्बीने या खेपेस एक नवी पद्धत अवलंबिली होती. पूर्वी असे निर्णय मुख्यतः खासगी खलबतांतून होत असत. ती बदनामी टाळण्यासाठी या वेळी तज्ज्ञांकरवी प्रत्येक अर्जाची तपशीलवार छाननी करून, गुण देऊन, शिफारस जाहीर करावयाची आणि मग परिषदेने गुप्त मतदान करावयाचे असे ठरले. ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी हा अहवाल प्रसिद्ध झाला. दक्षिण आफ्रिकेला ७८.९७ गुण, फ्रान्सला ७५.८८ आणि आयर्लंडला ७२.२५, शिफारस दक्षिण आफ्रिकेची. दोन टोकांमधील अंतर सात गुणांहूनही कमी होते, परंतु त्याची कारणे आयरिश मनाला झोंबली. गुणांचा मोठा हिस्सा आर्थिक हमीला आणि मैदानांना होता, आणि त्या दोन्हींत आयर्लंड मागे पडले. ज्या मैदानांचा अभिमान, त्यांतच उणे निघाले: कित्येक ठिकाणी प्रेक्षक उभ्याने सामना पाहतात, आसने बसवावी लागतील, संदेशवहनाची साधने अपुरी, आणि बेलफास्टचे केसमेंट पार्क तर अजून कागदावरच. १९१६ साली फाशी गेलेल्या रॉजर केसमेंट यांच्या नावाचे हे गेलिक मैदान नव्या बांधणीसाठी २०१३ पासून बंद होते. न्यायालयाने २०१४ च्या अखेरीस बांधकामाची परवानगी रद्द ठरविली, आणि अर्जाच्या वेळी तेथे गवत माजले होते. यावर आयरिश महासंघाचे मुख्याधिकारी फिलिप ब्राउन यांनी वर्ल्ड रग्बीकडे लेखी तक्रार केली, फ्रान्सनेही अहवालातील निष्कर्षांवर कडाडून टीका केली. परंतु अहवाल बदलला नाही.

बदलला तो निकाल, आणि तो मतदारांनी. पहिल्या फेरीत फ्रान्सला १८, दक्षिण आफ्रिकेला १३ आणि आयर्लंडला ८ मते पडली. दुसऱ्या फेरीत फ्रान्सने दक्षिण आफ्रिकेवर २४ विरुद्ध १५ अशी मात केली. म्हणजे आयर्लंड तर हरलेच, परंतु ज्याच्या शिफारशीसाठी एवढी छाननी झाली तो अर्जदारही हरला. आता या आकड्यांकडे जरा बारकाईने पाहू. परिषदेत इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, न्यूझीलंड यांसारख्या प्रमुख संघटनांना प्रत्येकी तीन मते असतात, आणि अर्जदारांना मत नसते. स्कॉटलंडने आपली तीन मते फ्रान्सच्या पारड्यात टाकली आणि वेल्सने अहवालाचा मान राखून दक्षिण आफ्रिकेच्या. ही गोष्ट त्यांनी पुढे लपवून ठेवली नाही. ही सहा मते आयर्लंडकडे आली असती, तर पहिल्या फेरीचा आकडा फ्रान्स १५, आयर्लंड १४, दक्षिण आफ्रिका १० असा झाला असता. शिफारस झालेला अर्जदारच बाहेर पडला असता आणि आयर्लंड अंतिम फेरीत पोहोचले असते. तेथे ते जिंकलेच असते असे नव्हे, परंतु ज्या पराभवाला दारुण म्हटले गेले, तो दोन शेजाऱ्यांच्या कलाने घडलेला पराभव होता.

शेजाऱ्यांवर आयर्लंडमध्ये फार राग निघाला, आणि भावनेच्या दृष्टीने तो समजण्यासारखा आहे. तथापि स्कॉटलंडची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. वर्ल्ड रग्बीचे चार वर्षांचे बहुतांश उत्पन्न या एकाच स्पर्धेतून येते, आणि त्यातूनच शंभराहून अधिक सभासद संघटनांना त्यांचा त्यांचा तनखा मिळतो. त्यांत फिजी, सामोआ, टोंगा यांच्यासारखी चिमुकली बेटे आहेत, आणि स्वतः स्कॉटलंडची संघटनाही काही धनाढ्य नाही. ज्याच्याकडे मोठी मैदाने, मोठी शहरे आणि मोठी तिकिटविक्री आहे त्याच्याकडे स्पर्धा गेली, तर प्रत्येकाच्या वाट्यास थोडे अधिक येणार, एवढा साधा हिशेब स्कॉटिश संघटनेने मांडला आणि उघडपणे सांगितला. यातला विरोधाभास असा की लहान राष्ट्राचा अर्ज मोठ्या राष्ट्रांच्या अहंकाराने पडतो असे आपण समजतो, आणि वस्तुतः तो अनेकदा इतर लहान राष्ट्रांच्या गरजेने पडतो. ज्यांना पैशाची निकड अधिक, त्यांनाच श्रीमंत यजमान अधिक हवा असतो. आणि सहानुभूती ही ज्याच्याकडून अपेक्षावी, तोच तिला सर्वांत असमर्थ असतो. आयर्लंडच्या मसलतदारांनी ही गोष्ट ध्यानात घेतली नाही असे म्हणवत नाही. परंतु त्यांच्या अर्जाची सारी भाषा स्नेहाची, आतिथ्याची आणि इतिहासाची होती, आणि मतदार ज्या प्रश्नाचे उत्तर शोधत होते तो प्रश्न जमाखर्चाचा होता.

पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. फ्रान्सने २०२३ ची स्पर्धा मोठ्या थाटात भरविली, अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेने न्यूझीलंडला १२–११ असे हरविले, आणि आयर्लंडचा संघ उपांत्यपूर्व फेरीत न्यूझीलंडकडून २८–२४ असा पराभूत होऊन परतला. वर्ल्ड रग्बीचा लाभ झाला, परंतु फ्रेंच महासंघाच्या हिशेबात मात्र तूट निघाली. मक्तेदार श्रीमंत असला म्हणजे मक्ता परवडतोच असे नाही. दरम्यान जागतिक संस्थेने अर्जदारांत स्पर्धा लावण्याची पद्धतच सोडून दिली. मे २०२२ मध्ये डब्लिन येथे भरलेल्या बैठकीत, आधी वाटाघाटी करून पसंत केलेल्या यजमानांवर शिक्कामोर्तब झाले, आणि २०२७ ची स्पर्धा ऑस्ट्रेलियाकडे तर २०३१ ची थेट अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांकडे गेली. आयर्लंडने ज्या अमेरिकन बाजारपेठेची किल्ली आपल्याकडे असल्याचे सांगितले होते, तिच्याशी संस्थेने परस्परच बोलणे केले. केसमेंट पार्कचे दैवही पालटले नाही. २०२८ च्या युरोपीय फुटबॉल स्पर्धेसाठी ते बांधण्याची आशा होती, परंतु सप्टेंबर २०२४ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यासाठी पैसा देण्यास नकार दिला.

मग आयर्लंडच्या हाती काय राहिले? २०१३ च्या ठरावाने ज्या मैदानांचे दार किलकिले झाले होते, ते पुन्हा बंद झाले नाही. १० नोव्हेंबर २०२२ रोजी कॉर्कच्या पार्क ई क्वीव या गेलिक मैदानावर मन्स्टर प्रांताच्या रग्बी संघाने दक्षिण आफ्रिकेच्या दुय्यम संघाला हरविले, तेव्हा ४१ हजारांहून अधिक लोक जमले होते. आणि मे २०२४ मध्ये क्रोक पार्कवर लिन्स्टरचा युरोपीय चषकाचा उपांत्य सामना झाला, तेव्हा ८२ हजारांचे ते प्रेक्षागार पुरते भरले. रग्बीने गेलिक मैदानावर पाऊल टाकणे ही आता वादाची गोष्ट राहिली नाही, आणि हे विश्वचषकाशिवायच साधले आहे. याचे सारे श्रेय त्या अर्जाला देणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु अर्जाच्या निमित्ताने दोन संस्थांना आणि सीमेच्या दोन्ही अंगांच्या अधिकाऱ्यांना एका टेबलाशी बसून मैदानांचा, पोलीस बंदोबस्ताचा, आगगाड्यांचा आणि पैशाचा हिशेब एकत्र मांडावा लागला, आणि असा एकत्र मांडलेला हिशेब फुकट जात नाही.

राहता राहिला प्रश्न जागतिक संस्थेच्या कर्तव्याचा. विश्वचषक हा खेळाच्या प्रसारासाठी आहे असे तिला मनापासून वाटत असेल, तर स्पर्धाशुल्काचा दर यजमानाच्या ऐपतीप्रमाणे ठरवावा, किंवा एक स्पर्धा मोठ्या राष्ट्राला आणि पुढची लहानाला असा फेरा बांधून द्यावा, आणि मोठ्या स्पर्धेतील नफ्यातून लहानाच्या स्पर्धेची तूट भरून काढावी. न्यूझीलंडच्या उदाहरणाने दाखविले आहे की ही तूट काही आभाळाएवढी नसते. आणि तसे करावयाचे नसेल, स्पर्धा हे उत्पन्नाचेच साधन असे ठरले असेल, तर तेही निःसंकोच जाहीर करावे. कारण अर्ज तयार करण्यातच लहान राष्ट्राची लाखोंची रक्कम, वर्षांचे श्रम आणि पुष्कळशी अब्रू खर्ची पडते, आणि ज्याला मक्ता द्यावयाचाच नाही त्याला बोली लावावयास बोलावणे हे कोणत्याही दरबारात सभ्यतेचे लक्षण समजले गेलेले नाही.